वावरातल्या मोटरीसाठी काय घ्यावं: सुट्या वायरी, तीन-कोर की आर्मर्ड?

डीपीपासून विहिरीपर्यंत नवी लाइन टाकायची म्हटली की दुकानात तीन पर्याय समोर येतात: तीन सुट्या सिंगल-कोर वायरी, तीन-कोर पीव्हीसी केबल (एकाच आवरणात तिन्ही वायरी) आणि जमिनीत गाडायची आर्मर्ड केबल. सोबत कोणीतरी सल्ला देतंच, "जाड इन्शुलेशनची घ्या, चुंबकीय क्षेत्र बाहेर येत नाही." या कारणासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

इन्शुलेशन करंट अडवतं, चुंबकत्व अडवत नाही. पीव्हीसी असो, रबर असो की एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक), चुंबकीय क्षेत्राला ते हवेसारखंच. पुरावा वायरमनच्या पिशवीत असतो: क्लॅम्प मीटर. मोटर चालू असताना त्याचा जबडा एका फेजच्या वायरीभोवती लावायला सांगा. वायर सोललेली नाही, मीटर तांब्याला टेकलेलं नाही, तरी पाच एचपीच्या थ्री-फेज मोटरीला सात-आठ अँपिअर दिसतात. मीटर वायरीभोवतीचं क्षेत्रच मोजतं आणि ते इन्शुलेशनमधून आरपार येतं. आता तिन्ही फेज एकदम जबड्यात घ्या. मोटर तशीच चालू, पण आकडा शून्याजवळ. तिन्ही करंटची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य होते, म्हणून त्यांची क्षेत्रंही एकमेकांना खोडतात.

खरा फरक इथे पडतो. सुट्या वायरी वेगवेगळ्या अंतरावर ताणल्या तर क्षेत्र दूरवर पसरतं. तीन-कोरमध्ये तिन्ही फेज चिकटून असल्याने केबलपासून हातभर अंतरावर ते फारसं उरत नाही. तरी सुट्या वायरींनीही घाबरायचं कारण नाही. दहा अँपिअरच्या एकट्या वायरीपासून १० सेंटीमीटरवर २० मायक्रोटेस्ला आणि एक मीटरवर २ मायक्रोटेस्ला क्षेत्र असतं. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आपल्याकडे चाळीसच्या वर आहे, आणि ५० हर्ट्झसाठी सामान्य लोकांची २०१० ची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे.

जीव जातो तो शॉकने, आणि तिथे इन्शुलेशनचा दर्जा बघावाच लागतो. अकोला-चंद्रपूरकडचं मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन वर्षानुवर्षे खाल्लं की साधं पीव्हीसी कडक होऊन तडकतं. मग पहिल्या पावसात धुऱ्यावरचा टेप गुंडाळलेला जोड ओल धरतो. साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंत चालतं, एक्सएलपीई ९० पर्यंत. जास्तीचे पैसे द्यायचे तर या गुणासाठी द्या.

माझं मत तीन-कोरच्या बाजूने आहे, तीही अखंड, मध्ये जोड नसलेली. सुट्या वायरी स्वस्त पडतात, पण बांबूवर लोंबणाऱ्या वायरीखालून कपाशी वेचणाऱ्या बाया जातात, हे मला पटत नाही. लाइनवरून ट्रॅक्टर, नांगर जाणार असेल किंवा उंदरांचा त्रास असेल तर आर्मर्ड. तिचं पोलादी कवच मार झेलायला असतं, आणि त्याला अर्थिंग केलंच पाहिजे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून केबल ताणून न गाडता थोडी सैल ठेवावी.

सुट्या वायरीच टाकणार असाल तर रस्ता ओलांडताना तिन्ही फेज एकाच लोखंडी पाइपातून न्या. प्रत्येकीला वेगळा पाइप दिला तर क्षेत्र खोडलं जात नाही, लोखंडात करंट फिरू लागतो आणि जास्त लोडवर पाइप तापून आतलं इन्शुलेशन खराब होतं.