डीएल-१०३ साठी १:१० की १:२०? स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घेण्याआधी

डेनॉनचं डीएल-१०३ कार्ट्रिज (सुईच्या हालचालीतून सिग्नल काढणारा टर्नटेबलचा भाग) घेऊन झालंय, अ‍ॅम्प्लिफायरला फोनो इनपुट (टर्नटेबल जोडायचं) फक्त एमएमचं, म्हणजे जास्त आउटपुटच्या कार्ट्रिजचं आहे, आणि कार्ट्रिजचं व्होल्टेज दहापट चढवणारा १:१० चा ट्रान्सफॉर्मर घ्यावा की वीसपट चढवणारा १:२० चा यावर गाडं अडलंय. गोव्यात ज्यांच्या घरी अभिषेकीबुवांच्या, किशोरीताईंच्या एलपी अजून वाजतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कुठल्या ट्रान्सफॉर्मरने आवाज मोठा येतो, हा प्रश्न बाजूला ठेवा. आधी कार्ट्रिजचा अंतर्गत रोध बघा, आवाजाचा हिशेब त्यातूनच सुटतो.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज जितक्या पटीने चढवतो, त्या पटीच्या वर्गाने कार्ट्रिजवरचा भार वाढतो, म्हणजे त्याला समोर दिसणारे ओहम तितके कमी होतात. एमएम इनपुट ४७ किलोओहमचं. १:१० असेल तर त्याला १०० ने भागा; कार्ट्रिजला समोर ४७० ओहम दिसतात. १:२० असेल तर ४०० ने भागायचं, म्हणजे साधारण ११८. डीएल-१०३ चा स्वतःचा रोध ४० ओहम आणि आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट. १:१० वर कागदावर ३ मिलिव्होल्ट, हातात २.८ च्या आसपास. १:२० वर ६ च्या जागी साडेचार, पाव हिस्सा कार्ट्रिजच्या कॉइलमध्येच जिरतो. १:४० लावलात तर १२ ऐवजी जेमतेम ५! वेढे दुप्पट, पदरात अर्धा मिलिव्होल्ट.

११८ ओहम चुकीचे नाहीत, या कार्ट्रिजला ते चालतात. पण तंबोऱ्याची जवारी १:१० वर जितकी मोकळी ऐकू येते तितकी १:२० वर येत नाही, स्वर थोडा दाबल्यासारखा वाटतो. शिवाय १:२० किंवा १:३० चे बरेचसे ट्रान्सफॉर्मर दोन-तीन ओहमच्या कार्ट्रिजसाठी गुंडाळलेले असतात. त्यांच्या प्रायमरीचा, म्हणजे कार्ट्रिजकडच्या वेढ्यांचा, इंडक्टन्स कमी असतो. ४० ओहमचं कार्ट्रिज जोडलं की खर्ज पातळ होतो, तबल्याच्या डग्ग्याची घुमक जाते. म्हणून डीएल-१०३ ला माझं मत ठामपणे १:१० ला. तुमचा फोनो स्टेज (फोनो इनपुटमागचं सर्किट) फारच कमी गेनचा, म्हणजे सिग्नल कमी वाढवणारा असेल आणि व्हॉल्यूम शेवटपर्यंत न्यावा लागत असेल, तरच १:२० चा विचार करा.

कार्ट्रिज ऑर्टोफॉन एसपीयू क्लासिक असेल तर गणित उलटं. आउटपुट ०.२ मिलिव्होल्ट, रोध दोनेक ओहम. १:१० वर दोनच मिलिव्होल्ट हाती येतात, आणि शांत आलापात फोनो स्टेजची सरसर ऐकू यायला लागते. १:२० वर जवळजवळ पूर्ण ४ मिळतात. तिथे १:२० किंवा १:३० च घ्या.

जुन्या जपानी ट्रान्सफॉर्मरवर ३ आणि ४० असे आकडे असलेला स्विच दिसला तर तो कार्ट्रिजच्या रोधाचा आहे, लोडचा नव्हे. डीएल-१०३ ला ४० वर ठेवायचा.

आता आपल्याकडची खरी डोकेदुखी, हमिंग, म्हणजे स्पीकरमधली घरघर. व्होल्टेज वरखाली होतं म्हणून घरोघरी स्टॅबिलायझर, वीज जाते म्हणून इन्व्हर्टर, आणि बऱ्याचदा दोन्ही टर्नटेबलच्याच टेबलाखाली. त्यांचं ५० हर्ट्‌झचं चुंबकीय क्षेत्र स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर थेट पकडतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्‌झच्या आसपास असतो. ही घरघर त्याच्या अगदी पायाशी येऊन बसते. पट जास्त असली की घरघरही तितकीच चढून येते, १:१० घेण्याचं हेही एक कारण. सुई उचलून ठेवा, व्हॉल्यूम वाढवा आणि ट्रान्सफॉर्मर हातात धरून सावकाश फिरवा. एका कोनात आवाज एकदम मिटतो. तिथेच तो ठेवा, स्टॅबिलायझर खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्या. टर्नटेबलची अर्थ वायर ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ स्क्रूला, तिथून दुसरी फोनो स्टेजला. जुन्या घरात सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या.

ट्रान्सफॉर्मरपासून फोनो स्टेजपर्यंतची केबल आखूड आणि कमी कपॅसिटन्सची (विद्युतभार कमी साठवणारी) हवी. तिचा कपॅसिटन्स कार्ट्रिजला १:१० वर शंभरपट आणि १:२० वर चारशेपट होऊन दिसतो. खाऱ्या हवेत आरसीए पिना काळवंडतात, पावसाळ्यानंतर त्या एकदा पुसून घ्याव्यात.

सेकंडहँड घेताना वाइंडिंग शाबूत आहे का बघायला मल्टिमीटर लावू नका. मीटरच्या डीसी करंटने कोअरमध्ये चुंबकत्व राहू शकतं. विक्रेत्याला रेकॉर्ड लावून दाखवायला सांगा, आणि डावी-उजवी बाजू सारखी वाजते का ते ऐका.