गायीच्या एक्सरेच्या नावाखाली ४८०० ला चुना

भावांनो, उदगीर-देवणी भागात कुणी व्हॅन घेऊन 'जनावराचं इन्फेक्शन एक्सरेत दाखवतो' म्हणत आलं तर आधी हे वाचा.

आमची देवणी गाय मागच्या पायानं लंगडायली होती, तीनच दिवस झालते, खुराच्या वर सूज. १९६२ ला (जनावरांच्या सरकारी डॉक्टरांचा नंबर) फोन लावायचं सुचलंच नाही, पाव्हण्यानं नंबर दिला आन् हा गडी आला, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात ड्रिलमशीनसारखं पिवळं यंत्र. म्हणला दादा पाय धरा, बटन दाबलं, टिंग वाजलं, झालं. दुसऱ्या दिवशी फिल्म आणून उन्हाला धरली, म्हणला हाडात इन्फेक्शन शिरलंय, गाय हातची जाईल. एक्सरेचे १२०० आणि ९०० प्रमाणं चार इंजेक्शनं, बाटलीचं लेबल खरवडलेलं. आई रडायला लागली, दिले पैसे.

चार सुया झाल्या तरी गाय पाय टेकवंना. मग टेम्पोत घालून उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजला नेली. तिथल्या मॅडमनी फिल्म बघितली आन् मलाच विचारलं, काका, गायीच्या पायाला खुरं किती? म्हणलं दोन. मग ह्यात मोजा म्हणल्या. चार बोटं! कुत्र्याच्या पंजाचा एक्सरे होता तो, वर ना तारीख ना नाव. सारा जन्म गोठ्यात गेला माझा आन् मला मोजायचं सुचलं नाही, मायला.

एक्सरे थोतांड नाही बरं का, खुराच्या सांध्यातला बिघाड, हाड कुजलेलं, जबड्याच्या हाडाची गाठ त्यात दिसते. पण हाडातला फरक फिल्मवर यायला आठ-पंधरा दिवस जातात म्हणल्या, तिसऱ्या दिवशी काय दिसणार? दगडी (कास सुजायचा आजार) नाहीतर गोचीडताप असला तर दूध, रक्तच तपासावं लागतं. आन् पाय धरणाऱ्याला शिशाचा एप्रन लागतो, मी बनियनवर होतो (त्या यंत्रातून किरण निघाले का तोच डाउट आहे म्हणा).

मॅडमनी खूर तासलं तर आत गंजका खिळा, मागून काळा घाण वासाचा पू. धुऊन पट्टी केली, चार दिवसांनी गाय पाय टेकवायली. सुया चालू असताना दूध डेअरीला घालायचं नसतं हेबी तिथंच कळलं, मी तर रोज घातलं.

त्याचा नंबर बंद लागायलाय. पांढरी व्हॅन, मागच्या काचेला पुठ्ठा लावलेला, परवा निलंग्याकडं दिसली म्हणे.