जुना पिकअप पहाटे चालू होत नव्हता: दुरुस्तीनंतरचे १३ महिने

गेल्या वर्षीच्या डिसेंबरात पहाटे साडेचारला सेल्फ मारायचा आणि सगळी वस्ती जागी करायची, हे माझं रोजचं काम झालं होतं. गाडी २००८ ची, चार सिलिंडरची डिझेल, साधा यांत्रिक पंप, सेन्सरची भानगड नाही. गाव निफाड तालुक्यात. इथली थंडी द्राक्षवाल्यांना विचारा, बागेत शेकोट्या पेटवून रात्री काढतो आम्ही. दुपारी अर्ध्या सेल्फात बोलणारी गाडी पहाटे बॅटरी बसेपर्यंत सेल्फ खायची, मग ट्रॅक्टरला बांधून ओढायची.

आधी बॅटरी बदलली, सात हजार गेले. मग सेल्फ खोलून कार्बन बदलले. फरक शून्य. गॅरेजवाला म्हणाला, कॉम्प्रेशन गेलंय, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जात नाही, इंजिनकाम काढा. आयटीआयला असलेल्या पुतण्याने एकच प्रश्न विचारला, "काका, तुम्ही सेल्फ मारता तेव्हा सायलेन्सरमागं कोण उभं असतं?" कोणीच नसायचं.

दुसऱ्या दिवशी तो टॉर्च घेऊन मागे थांबला. डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर ते पेटतं. सिलिंडर गार असला तर डिझेल न जळताच पांढऱ्या धुरासारखं बाहेर पडतं. धूरच नसेल तर डिझेल आतच पोचत नाही. आमच्या गाडीत पहिले पाच-सहा सेल्फ काहीच नाही, आणि नंतर दाट पांढरा धूर. म्हणजे दुखणी दोन होती आणि एकामागं दुसरं लपलं होतं.

हीटर प्लगचं, म्हणजे चालू करण्याआधी सिलिंडर आतून तापवणाऱ्या प्लगचं, सोपं निघालं. डॅशवरचा पिवळा दिवा लागून विझतो म्हणून मी प्लग ठीक धरून चाललो होतो. तो दिवा नुसता टाइमरवर चालतो, प्लग मेले तरी लागतो. चारही प्लग जोडणारी पट्टी काढली आणि मल्टिमीटर लावला. दोन प्लग साफ तुटलेले, दोन एक ओहमच्या आसपास. साडेतीनशेचा मीटर घेणाऱ्यांसाठी सांगतो: आधी दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून आकडा बघा. माझ्याकडे तोच ०.४ येतो, तो वजा करावा लागतो. खरं तर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जास्त कामाचा. बॅटरीच्या प्लसवरून बल्बमधून प्लगच्या टोकाला वायर लावा. पेटला नाही तर प्लग गेला.

हवेनं मात्र रडवलं. डिझेलच्या पाइपात कुठून तरी हवा शिरत होती आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरत होतं. खाली गळतीचा एक थेंब नाही, म्हणून कुणाला शंकाच नाही. ही ओढणारी बाजू. इथली चीर डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते. आठवून बघितलं तर खुणा आधीपासून होत्या: टाकी भरलेली असली किंवा गाडीचं तोंड उताराला असलं की सकाळी त्रास कमी व्हायचा, आणि फिल्टरवरचा डिझेल ओढायचा हातपंप पहाटे पोकळ लागायचा. फिल्टर ते पंप असा पारदर्शक पाइप टाकला तेव्हा बुडबुडे डोळ्यांनी दिसले. चीर टाकीजवळच्या कडक झालेल्या रबरी पाइपाला, नेमकी क्लिपखाली होती. तो तुकडा शंभर रुपयांच्या आत आला. चार प्लग चौदाशेला.

आता वर्षभरानंतरचा हिशोब. रबरी पाइप आणि नव्या क्लिपा एक नंबर, हातपंप रोज पहाटे घट्ट लागतो. पारदर्शक पाइप पंधरा दिवसांत पिवळा आणि कडक पडला, तो फक्त तपासणीपुरता घाला आणि काढून टाका. प्लगवर मी नाराज आहे. चारांतला एक कधी मेला कळलंच नाही, कारण उन्हाळा-पावसाळ्यात गाडी तशीही चालू होते. नोव्हेंबरात बल्ब लावला तेव्हा सापडला. आता दिवाळी झाली की चारही तपासतो.

बॅटरीचं दुःख वेगळंच. सेल्फ मारताना व्होल्टेज मोजायला हवं होतं. साधारण साडेनऊच्या खाली गेलं तरच बॅटरीवर किंवा अर्थिंगच्या पट्ट्यावर संशय घ्यायचा. मी न मोजताच जुनी बॅटरी बदल्यात देऊन टाकली.

स्टार्टिंग स्प्रे मारायचा सल्ला बरेच जण देतात. हीटर प्लग असलेल्या इंजिनात मारू नका. तापलेल्या प्लगवर तो भलत्या वेळी भडकतो, पिस्टन फुटू शकतो. आमचे वडील एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरायचे. गाडी चालू व्हायची, एकदा फिल्टरही जळाला.

या जानेवारीत पारा सहा-सातवर असताना गाडी दुसऱ्या सेल्फला चालू होते. मिनिटभर थोडा पांढरा धूर आणि एक सिलिंडर अडखळल्यासारखा आवाज अजून आहे. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल असावं किंवा गॅरेजवाल्याचं कॉम्प्रेशनचं थोडं खरंही असेल. द्राक्षं निघाली की एप्रिलात नोझल काढून तपासायला देणार आहे.