ओपनडब्ल्यूआरटी : वर्षभर वापरून, तीनदा नेट घालवून

मी घरून हिशेब लिहिण्याचं काम करते. राउटरशी माझा संबंध एवढाच, की अडला की बंद करून परत चालू करायचा. पण संध्याकाळी घरातलं कुणी मोठी फाइल वर चढवायला घेतली की माझा व्हिडिओ कॉल गोठायचा, आणि त्या राउटरचे अपडेट येणं तर केव्हाच थांबलं होतं. नवा घ्यायचं ठरत होतं तेवढ्यात धाकटे भावजी फोनवर म्हणाले, "वहिनी, फेकू नका. आधी त्यात ओपनडब्ल्यूआरटी टाकून बघा."

टाकलं. राउटर तोच, आतलं डोकं नवं. लिनक्सवर आधारलेलं हे मोफत फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं सॉफ्टवेअर, २००४ पासून आहे. नावातलं डब्ल्यूआरटी आलं लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरवरून. त्याचा कोड खुला झाला आणि त्यावर हे उभं राहिलं. २०१६ मध्ये प्रकल्पात वाटण्या झाल्या, 'लेडे' नावाची वेगळी चूल मांडली गेली, आणि २०१८ मध्ये मंडळी पुन्हा एकत्र नांदायला लागली. हे मी वाचलं ते नेट बंद पडलेलं असताना, मोबाइल डेटावर. वेळ भरपूर होता.

पहिला धक्का म्हणजे वायफायच दिसेना. राउटर मेला असं वाटून माझ्या पोटात गोळा आला. तो मेला नव्हता. माझ्या राउटरवर हे फर्मवेअर वायफाय बंद ठेवूनच सुरू झालं. केबल जोडायची, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडायचं, पासवर्ड ठरवायचा आणि मग आपल्या हाताने वायफाय चालू करायचं. कुलूप न लावता दार उघडं टाकण्यापेक्षा हे बरंच, पण घरात केबलच नसेल तर तुम्ही तिथेच अडकलात.

वायफाय आलं, नेट नाही. इथे माझी पहिली संध्याकाळ गेली. 'लुसी' नावाचं जे सेटिंगचं पान आहे, त्यावर सगळं हिरवं, मोडेमकडून पत्ताही मिळालेला. तो पत्ता होता १९२.१६८.१.३४. मी तो पाचसात वेळा बघितला असेल. भावजींना वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "आणि तुमच्या राउटरचा स्वतःचा?" तो १९२.१६८.१.१. मग माझी ट्यूब पेटली. मोडेमच्या बाजूचं जाळं आणि घरातलं जाळं, दोन्ही १९२.१६८.१ या एकाच मालिकेतली. एकाच नावाच्या दोन गल्ल्या. पाकीट कोणत्या गल्लीत टाकायचं हे राउटरला कळणार कसं? माझ्या भाषेत सांगायचं तर एकाच नंबरची दोन खाती.

उपाय एका ओळीचा : घरातला पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ करायचा. मी बदलला, जतन केलं, आणि दीड मिनिटाने बघते तर पुन्हा जुनाच. परत बदलला, परत जुना. तिसऱ्या वेळी मी राउटरला जे बोलले ते इथे लिहीत नाही. खरी गोष्ट अशी, की बदल लागू केल्यावर ९० सेकंदांत तुमचा ब्राउझर राउटरशी पुन्हा बोलला नाही, तर 'या बाईने स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं' असं समजून लुसी बदल मागे घेते. पत्ताच बदलल्यावर माझा लॅपटॉप बोलणार कुठून? खात्री न करता लागू करायचा पर्याय त्याच बटणाच्या बाणाखाली आहे. तो निवडला, केबल काढून परत लावली, लॅपटॉपला नवा पत्ता मिळाला, नेट सुरू. मला छळणाऱ्या याच सोयीने पुढे दोनदा मला वाचवलं, म्हणून तिच्यावरचा राग मी सोडून दिला आहे.

दुसऱ्यांदा नेट गेलं ते मी मोडेम ब्रिजवर टाकून (म्हणजे त्याने डेटा नुसता पुढे ढकलायचा) पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डने नेट कंपनीशी जोडणी, राउटरवर आणलं तेव्हा. लाइनच गेली म्हणून मी तक्रार करणार होते, पण लॉग उघडला तर सरळ लिहिलेलं : ओळख पटली नाही. युजरनेमच्या शेवटी एक रिकामी जागा टंकली गेली होती. पाच मिनिटांचं काम.

तिसरी खोड मात्र विचित्र. काही साइट झटकन उघडत, काही नुसत्या गोल गोल फिरत. पिंग (पाकीट पाठवून उत्तर येतं का ते बघणं) व्यवस्थित, नावंही पत्त्यांत बदलत होती, म्हणजे डीएनएसचा दोष नाही. मग तुकडे न करण्याची अट घालून वेगवेगळ्या आकारांचं पिंग करून पाहिलं. १४६४ गेलं, १४६५ अडलं. त्यात शीर्षकाचे २८ बाइट मिळवा : १४९२. इथे मला आमच्या धंद्यातला आनंद झाला, कारण ताळा बरोबर जुळत होता. एका पाकिटाची नेहमीची कमाल मर्यादा १५०० बाइट, त्यातून पीपीपीओईचे ८ वजा. मग ही मर्यादा पलीकडच्या सर्व्हरला सांगायचं कुणी? फायरवॉलमधल्या वॅन झोनला, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूला, 'एमएसएस क्लॅम्पिंग'ची एक खूण असते, ती हेच काम करते आणि मुळात लावलेलीच असते. आठवड्यापूर्वी 'हे काय नको ते' म्हणून ती मीच काढली होती. भावजींना हे अजून सांगितलेलं नाही.

ज्यासाठी हा खटाटोप केला ते काम झालं का? झालं. एसक्यूएम नावाचं पॅकेज टाकलं, मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के मर्यादा दोन्ही बाजूंना घातली. रांग आता मोडेमऐवजी माझ्या राउटरमध्ये लागते आणि तो छोट्या पाकिटांना ताटकळत ठेवत नाही. फाइल चढत असतानाही कॉल चालतो. बदल्यात कमाल वेग थोडा उतरला आणि जुन्या प्रोसेसरला धाप लागते. फार वेगवान जोडणी असेल तर जुना राउटर इथे कमी पडेल.

तक्रारी आहेत. माहिती भरपूर, पण दहा पानांवर विखुरलेली, त्यातलं कोणतं पान कोणत्या आवृत्तीचं हे आपण ओळखायचं. आवृत्ती बदलताना सेटिंग राहतात, पण वरून टाकलेली पॅकेजेस साध्या पद्धतीत उडतात. एसक्यूएम मला पुन्हा टाकावं लागलं. शिवाय प्रत्येक राउटरवर हे चालत नाही. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्यांचा विचार सोडा, आणि काही ब्रॉडकॉम चिपवाल्यांत वायफायच नीट चालत नाही. त्यांच्या यादीत आपलं मॉडेल, त्यातही हार्डवेअरची आवृत्ती, बघितल्याशिवाय हात लावू नका.

माझ्याकडून पाचपैकी चार. टाकायचंच असेल तर सुट्टीच्या दिवशी, घरात कुणाची परीक्षा किंवा मीटिंग नसताना टाका. आणि राउटरचं मूळ फर्मवेअर, नव्याची फाइल, अडल्यावर सुटका करणाऱ्या फेलसेफ मोडमध्ये जायची पद्धत, हे सगळं आधीच लॅपटॉपवर उतरवून ठेवा. मी ते बुकमार्क करून ठेवलं होतं.