खालचा तिरका स्नायू: सरकवायचा की कापायचा?

तलावपाळीवर उजवीकडची बोट बघताना भाचीचा डावा डोळा नाकाकडे वळता वळता एकदम वर गेला, बुबुळ पापणीखाली अर्धं लपलं. ठाण्यातल्याच डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा खालचा तिरका स्नायू, म्हणजे डोळा वर वळवणाऱ्या स्नायूंपैकी एक, गरजेपेक्षा जास्त जोर लावतोय.

तो ढिला करायचे मुख्य मार्ग दोन. रिसेशनमध्ये स्नायू डोळ्याला जिथे चिकटलेला असतो तिथून सोडवतात, तो जिथून सुरू होतो त्या टोकाच्या दिशेने सरकवतात आणि डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला टाक्यांनी पुन्हा जोडतात. किती सरकवायचं हे दोषाच्या प्रमाणात ठरवता येतं. पुढे परत शस्त्रक्रिया लागलीच, तर स्नायू कुठे आहे हे ठाऊक असतं. वेळ मात्र जास्त लागतो, आणि त्या पातळ भिंतीत सुई घालायला हात अगदी स्थिर हवा.

मायेक्टॉमीत स्नायूचा तुकडाच काढतात. पटकन होते, भिंतीला टाके नाहीत. पण कापलेलं टोक नेमकं कुठे चिकटेल याची खात्री नसते.

निकाल दोन्हींचे बहुतेकदा चांगले येतात. तरी लहान मुलासाठी मला रिसेशनच पटतं. आणि हो, डोळा आळशी झाला असेल, म्हणजे मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागल्याने त्याची नजर कमी झाली असेल, तर शस्त्रक्रिया कुठलीही करा, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावण्यासारखे उपचार वेगळे करावेच लागतात.