लॅटिनो फ्रॅटर्निटीची शाखा काढताना राष्ट्रीय कार्यालयाकडून मिळालेली सेवा: एका सल्लागाराचा अभिप्राय

अमेरिकेच्या मिडवेस्टमधील एका राज्य विद्यापीठात मी शिकवतो. दीड वर्षापूर्वी माझ्या वर्गातली तीन मुले माझ्याकडे आली आणि लॅटिनो फ्रॅटर्निटीची, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या बंधुसंघाची, शाखा काढण्यासाठी प्राध्यापक सल्लागार लागतो, तेव्हा आपण सही कराल का, असे त्यांनी विचारले. मी लॅटिनो नाही. पण घरापासून दूर आलेल्या मुलाला आपल्या भाषेतले चार शब्द कानावर पडले की किती आधार वाटतो, हे मला ठाऊक असल्यामुळे मी होकार दिला. शाखा उभी राहीपर्यंत संघटनेच्या राष्ट्रीय कार्यालयाने जी सेवा पुरवली, तिच्याविषयी हे लिहीत आहे. संघटनेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण कारभार बराचसा त्या त्या प्रदेशाच्या प्रतिनिधीवर अवलंबून असतो आणि एका अनुभवावरून सगळ्या संघटनेला तोलणे योग्य नाही.

सर्वांत चांगली बाजू आधी सांगतो. या कार्यालयाने मुलांना टी-शर्ट आणि घोषणा देण्याआधी इतिहास वाचायला लावला, आणि तोही केवळ स्वतःच्या संघटनेचा नव्हे. ट्रॉय येथील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये १८९८ साली लॅटिन अमेरिकी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन जो संघ स्थापन केला, त्याच्याशी नाते सांगणारी फाय आयोटा अल्फा ही फ्रॅटर्निटी १९३१ मध्ये उभी राहिली. त्या काळी तिथे येणारी मुले प्रामुख्याने लॅटिन अमेरिकेतल्या सधन घरांतली होती आणि शिकून मायदेशी परतण्याचा त्यांचा विचार असे. न्यू जर्सीतील कीन कॉलेजात १९७५ मध्ये लॅम्डा थीटा फाय, कॉर्नेलमध्ये १९८२ साली लॅम्डा अप्सिलॉन लॅम्डा, आयोवा विद्यापीठात १९८६ मध्ये सिग्मा लॅम्डा बीटा आणि टेक्सास टेकमध्ये १९८७ मध्ये ओमेगा डेल्टा फाय सुरू झाली, तोपर्यंत चित्र पालटले होते. आता विद्यापीठात येणाऱ्यांत अमेरिकेतच वाढलेली, कष्टकरी घरांतली आणि पुष्कळदा घरात प्रथमच पदवीपर्यंत पोहोचणारी मुले होती. आयोवासारख्या राज्यात, जिथे लॅटिनो वस्ती तुरळकच होती, तिथेही अशी संघटना जन्माला येऊ शकली, हे वाचून आमच्या मुलांना जो धीर आला तो मी डोळ्यांनी पाहिला आहे.

रॅगिंगच्या बाबतीतही कार्यालयाला मी पूर्ण गुण देतो. डिसेंबर २०२४ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार विद्यापीठांना अशा घटनांची आकडेवारी वार्षिक सुरक्षा अहवालात द्यावी लागते आणि दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती जाहीर करावी लागते. प्रतिनिधीने हा कायदा मुलांना कलमवार समजावून सांगितला, नव्या सदस्यांच्या प्रशिक्षणाचे वेळापत्रक लेखी स्वरूपात माझ्याकडे दिले आणि त्यात नसलेली कोणतीही बैठक बेकायदा समजा, असे माझ्यासमोर बजावले. सल्लागाराला रात्री शांत झोप लागावी, यासाठी याहून अधिक काही नको असते.

तक्रार आहे ती पैशांबाबत, आणि ती लहान नाही. राष्ट्रीय सदस्यत्वाचे शुल्क पहिल्या दिवशी सांगितले गेले; परंतु विम्याचा हप्ता आणि शाखेला मान्यतेची सनद देण्याचे शुल्क हे आकडे शाखेच्या स्थापना समारंभाला तीन आठवडे उरले असताना ईमेलने कळवण्यात आले. आमची निम्मी मुले रात्रपाळीत गोदामात काम करून शिकतात. त्यांच्यापैकी एकाने तो ईमेल माझ्या टेबलाशी उभ्या उभ्या वाचला, फोन खिशात ठेवला आणि "सर, मी पुढच्या वेळी बघतो" एवढेच म्हणाला. मी कडक शब्दांत पत्र लिहिल्यावर हप्ते बांधून मिळाले आणि तो मुलगाही परत आला. पण जी सवलत मागितल्यावर लगेच देता येते, ती आधीच का सांगू नये? शिवाय पालकांसाठीचे पत्र फक्त इंग्रजीत होते. फ्रॅटर्निटी म्हणजे दारूच्या मेजवान्या, अशी धास्ती घेतलेल्या एका आईला तिचा मुलगा माझ्या दाराबाहेर उभा राहून फोनवर त्या पत्राचा स्पॅनिशमध्ये वाक्यावाक्याने अर्थ सांगत होता. लॅटिनो म्हणवणाऱ्या संघटनेकडे स्पॅनिश मजकूर मागावा लागणे, हे मला फार खटकले.

विद्यापीठाशी करायच्या पत्रव्यवहारात प्रतिनिधीने वेळेवर मदत केली. त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

समारंभाच्या संध्याकाळी सात मुले एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून विद्यार्थी भवनासमोर आली. या तुकडीला ती 'लाइन' म्हणतात. संस्थापकांची नावे आणि सनावळी पाठ म्हणताना पाचव्या मुलाला एक वर्ष आठवेना. कोणीही पुटपुटून सुचवले नाही की हसले नाही; पुढच्या मुलाने खांद्यावरचा तो हात फक्त क्षणभर दाबून धरला आणि वर्ष आठवले. मागे उभ्या असलेल्या आयांमध्ये ती फोनवरची आईही होती. शाखांना स्थापनेच्या क्रमाने ग्रीक अक्षरे मिळतात, आणि आपल्या वाट्याला आलेली अक्षरे मुलांनी प्रथमच मोठ्याने उच्चारली तेव्हा तिने रुमाल डोळ्यांना लावला.

ज्या सल्लागारांकडे अशी मुले येतील, त्यांनी होकार अवश्य द्यावा, मात्र विम्यासह सर्व शुल्कांचा तक्ता पहिल्याच बैठकीत लेखी मागून घ्यावा. या सत्रात आमच्याकडे दुसरी तुकडी तयार होत आहे. तो तक्ता मुलांनी स्वतःच मागवला, आणि त्याचा स्पॅनिश अनुवाद तिथल्या तिथे करून पालकांना पाठवला.