स्पीच थेरपी शिकवायची की इंग्रजी? मुंबईत प्राध्यापक व्हायचं ठरवताना

भाषेची आवड आहे आणि पुढे कॉलेजात शिकवायचंय, असं म्हणणाऱ्या मुलांना आपल्याकडे एकच वाट सांगितली जाते: बीए, मग इंग्रजीत एमए. वाचा-भाषा उपचार, म्हणजे आपली स्पीच थेरपी, हासुद्धा विद्यापीठात शिकवला जाणारा विषय आहे हे बारावीपर्यंत कुणी सांगत नाही. तिथेच घोळ होतो. स्पीचच्या पदवीला, म्हणजे बीएएसएलपीला, बारावी सायन्स लागतं. ही पदवी चार वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पुढे मास्टर्सची दोन वर्षं आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. इंग्रजीत एमए करून मग स्पीचच्या मास्टर्सला जाता येत नाही, त्यासाठी बीएएसएलपीच हवी. उलट इतर शाखांच्या पदवीधरांना एमए इंग्रजीला अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो. म्हणून बारावी सायन्स असेल तर स्पीचचा विचार आधी करा.

शिकवण्याचं रोजचं काम मात्र अगदी वेगळं. नायर रुग्णालय किंवा वांद्रे रेक्लमेशनची वाचा-श्रवण दोषांवर काम करणारी अली यावर जंग संस्था (स्थापना १९८३) अशा ठिकाणी वर्गाइतकंच क्लिनिकमध्ये शिकवावं लागतं. समजा, पक्षाघातानंतर वाचा गेलेले आजोबा समोर आहेत. घरचे सांगतात, "त्यांना सगळं कळतं, पण बोलता येत नाही." पेला दाखवला तर 'पाणी' हा शब्द फुटत नाही, आणि सुरुवात करून दिली की रामरक्षेच्या चार ओळी मात्र सरळ म्हणतात. घरच्यांना वाटतं, वाचा परत आली. शिकाऊ विद्यार्थिनीलाही तसंच वाटतं. पाठ असलेलं आपोआप येणं आणि हवा तो शब्द ठरवून काढणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला तिथल्या तिथे, पेशंटचा मान राखून समजावणं हे शिक्षकाचं काम. तिची चूक एका माणसाला सोसावी लागते, त्यामुळे लक्ष जराही ढळून चालत नाही. इथे उत्तम मराठी ही कामाची गोष्ट आहे. मूल 'ळ' ऐवजी 'ल' म्हणतंय ते उच्चारदोषामुळे की घरची बोलीच तशी आहे, हे ज्याला कळत नाही तो निदान चुकवणार.

इंग्रजीच्या वर्गात तक्रार ऐकायला तशीच येते: "सर, समजतं, पण बोलता येत नाही." कारण मात्र सरावाचं आणि संकोचाचं. मराठी माध्यमातून आलेली मुलगी 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणते आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसलं की सत्रभर गप्प बसते. भरलेल्या वर्गात तिला पुन्हा बोलतं करणं हे माझ्या मते या पेशातलं सगळ्यात मोलाचं काम आहे. तिला उपचार नको, बोलायला जागा हवी. पण वर्ग मोठा, पोर्शन संपवायचा, मुलं गाइडवर विसंबलेली. ती जागा शिक्षकाला स्वतः काढावी लागते.

नोकरीचं बोलायचं तर इंग्रजी विभाग जवळजवळ प्रत्येक कॉलेजात आहे, पण उमेदवारही तेवढेच. एमएला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०), त्यावर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. तरीही सुरुवात बहुतेकदा सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर होते: जेवढे तास तेवढेच पैसे, सुट्टीत काहीच नाही. घरभाडं भरणाऱ्यानं हे गणित आधीच मांडावं. स्पीचची कॉलेजं मोजकी, त्यामुळे जागाही मोजक्या, आणि पदासाठी मुंबई सोडायची तयारी लागते. मात्र जागा मिळेपर्यंत रुग्णालय, विशेष शाळा किंवा स्वतःचं क्लिनिक करता येतं, आणि तो अनुभव पुढे शिकवताना रोज उपयोगी पडतो.

माझा कौल असा: एकेका माणसाबरोबर महिनोन् महिने हळूहळू पुढे सरकायची चिकाटी असेल तर स्पीच. कविता, कादंबरी, वाद यांशिवाय करमत नसेल तर इंग्रजीच. पण एमएच्या पहिल्या वर्षापासून सेटची तयारी धरा आणि मुलाखतीत पद पूर्णवेळ आहे की सीएचबी, हे पहिल्यांदा विचारा.